अस्तरामागचा कागद

मित्रांनो, मी एक जुनी चामड्याची बॅग आहे. विस्कॉन्सिनमधल्या एका गावच्या कोर्टात, जिन्याखालच्या काचेच्या कपाटात, माझा मुक्काम आहे. एका खोगीर शिवणाऱ्या म्हाताऱ्याने मला घडवले आणि १९०३ साली एल्विन हॅस्कल नावाच्या नव्या वकिलाने मला विकत घेतले.

हॅस्कलसाहेब गोरगरिबांचे वकील. खटल्याचे कागद आणि दुपारचे सँडविच मी एकत्रच सांभाळले. "हॅस्कलची बॅग उघडली, की समोरच्याची बोलती बंद!" असे लोक म्हणत आणि मी फुगून जाई.

पण आठ वर्षांत माझ्या आतल्या कप्प्याची शिवण उसवली. कचेरी सांभाळणाऱ्या ऑर्फा डनिंगबाईंच्या ते लक्षात आले.

"साहेब, एक दिवस बॅग द्या. शिवून आणते."

"मग मी काय टोपीत कागद घालून कोर्टात जाऊ, बाई? हा खटला संपू दे."

एक खटला संपे, तोवर दुसरा उभा राही. शिवण तशीच राहिली.

मग नील्स ऑस्टबीचा खटला आला. त्याने लाकडाच्या गिरणीला आग लावली असा आरोप होता. आग लागली तेव्हा तो बाळंत होणाऱ्या बायकोपाशी होता. बायकोचे कोण ऐकणार? घरात तिसरे माणूस एकच, डॉक्टर क्रेन, आणि ते निमोनियाने शेवटच्या घटका मोजत होते. खटल्याच्या आदल्या दिवशी साहेबांनी आगगाडीने जाऊन त्यांची सहीची जबानी आणली आणि माझ्या त्याच कप्प्यात ठेवली. पहाटे डॉक्टर गेले. कागद शिवणीतून घसरून अस्तरामागे, पार तळाशी गेला. मला ते कळले, पण कळून काय उपयोग?

कोर्टात साहेबांनी कप्पा चाचपला. मग सगळे टेबलावर ओतले आणि मला उलटे धरून झटकले. कागद तळाला चिकटून राहिला. मी जिवाच्या आकांताने ओरडले असते, पण चामड्याला कुठली जीभ?

"अजून झटका, हॅस्कल," सरकारी वकील म्हणाले, "एखादं सँडविच तरी पडेल!"

ज्युरीचे बाराही जण हसले.

"कागद होता हो," साहेब म्हणाले. "देवाशपथ, माझ्याकडे होता."

नील्सला नऊ वर्षांची शिक्षा झाली. सातव्या वर्षी तो तुरुंगातच वारला.

हॅस्कलने कागद गिरणीवाल्यांना विकला, असे गाव म्हणू लागले. अशील फिरकेनासे झाले. साहेब मरेपर्यंत दर रविवारी चर्चमधून निघून रुळाच्या कडेने तो कागद शोधत हिंडले. आणि हिंडताना मी त्यांच्या हातात असे.

साहेबांच्या मागे गावची जुनी वस्तू म्हणून मला या कपाटात ठेवले. आता दर वसंतात मला बाहेरून तेल लावतात. आत कोणी बघत नाही. परवा नील्सची नात आली, आगीच्या रात्री जन्मलेल्या बाळाची मुलगी.

"हीच ती," ती नवऱ्याला म्हणाली. "आजोबांना विकलं त्या वकिलाची बॅग." तिने काचेवर तळवा टेकला.

"बाई, हात काढा," रखवालदार म्हणाला. "पाटी दिसत नाही का?"

तिने हात काढला आणि दोघे निघून गेले.

मित्रांनो, तुमच्या वस्तूची शिवण उसवली, तर उद्यावर टाकू नका. आणि कधी इकडे आलात, तर रखवालदाराला गोड बोलून काच उघडायला लावा. कागद तळाशी आहे, डाव्या कोपऱ्यात.