किपरबाईंची हजेरी

पाणीपुरवठ्याच्या कचेरीत हजेरीचं नवं यंत्र बसलं आणि किपरबाई रोज गैरहजर ठरू लागल्या. काचेवर बोट ठेवलं की लाल दिवा. दुसरं बोट, पुन्हा लाल. मागे रांग ताटकळलेली.

"बाई, नीट सपाट ठेवा ना," साहेब म्हणाले. ते त्यांच्या भाच्याच्या वयाचे होते.

"होईल तेवढं सपाट ठेवलंय, साहेब."

अकरा वर्षं त्या देशाच्या संघाच्या यष्टिरक्षक होत्या. त्या काळी बायकांचे सामने बघायला खेळाडूंच्या घरचे यायचे, नाहीतर सावलीला टेकलेली चार माणसं. ही नोकरी खेळामुळेच लागली. टोपणनाव तेवढं चिकटून राहिलं. ते कुठून आलं, हे नव्या लोकांनी कधी विचारलं नाही.

नऊ गैरहजेऱ्या झाल्या तेव्हा साहेबांनी डॉक्टरांचा दाखला मागितला. किपरबाई धाकट्या बहिणीला घेऊन हाडांच्या डॉक्टरांकडे गेल्या. डॉक्टरांनी एक्स-रे उजेडात धरला आणि बराच वेळ बघत राहिले.

"अपघात कधी झाला होता?"

"अपघात नाही. ही करंगळी पहिल्या दौऱ्यात गेली. मधलं बोट दोनदा. अंगठा शेवटच्या सामन्यात मोडला, पण दुसऱ्या डावातही उभी राहिले."

"मोडलेल्या अंगठ्याने? का?"

संघात बदली कुणी नव्हतं, हे खरंच. पण प्रत्येक चेंडूला जीव कळवळला होता, हेही तितकंच खरं.

"तेव्हा असं कुणी विचारलं नाही," त्या म्हणाल्या.

बहिणीला इतकी वर्षं फक्त करंगळीचं ठाऊक होतं. "ताई, सांगायचंस तरी!"

"सांगून? आईने खेळणंच बंद केलं असतं."

दाखल्यावर डॉक्टरांनी लिहिलं, 'दोन्ही हात कायमचे अधू'. किपरबाईंनी ते दोनदा वाचलं. 'अधू'ऐवजी दुसरा शब्द घाला म्हणावं असं वाटलं, पण तेवढं बोलायचंही जिवावर आलं.

दुसऱ्या दिवशी साहेबांनी त्यांच्यापुरतं जुनं हजेरीपुस्तक कपाटातून काढलं. "आजारी आहात, हे आधी नाही का सांगायचं?"

"आजारी नाही हो. खेळत होते मी."

"अच्छा! काय खेळायचात?" साहेबांनी विचारलं, तोच फोन वाजला आणि ते त्यात गुंतले. किपरबाई सही करून आपल्या टेबलाशी गेल्या. नळाला पाणी नाही म्हणून तिथे पाचसहा जण कधीचे तणतणत होते.

संध्याकाळी घरी बहीण खुर्ची ओढून समोर बसली. "पहिल्या दौऱ्यापासून सांग."

"उद्या सांगते गं. पार दमलेय आज."

बहीण जागची हलली नाही. किपरबाईंनी भिंतीला पाठ टेकली, डोळे मिटले आणि सांगायला सुरुवात केली.