नक्की होण्याआधीची बातमी

लॉर्नाच्या केस कापायच्या दुकानात बातमी शिरली की संध्याकाळपर्यंत ती गावभर व्हायची. तिच्या कात्रीपेक्षा तिची जीभ जास्त चालायची. बाई वाईट नव्हती. कुणाच्या घरी आजारपण आलं तर सूप घेऊन पहिली तीच पोचायची, फक्त जाता जाता वाटेत चार जणांना सांगत जायची.

अशा बाईचा मुलगा रॉइस बेसबॉलचा पिचर, म्हणजे चेंडू फेकणारा, निघावा, हीच मोठी गंमत. कारण कॉलेजांचे कोच मुलं हेरत हिंडतात तेव्हा आईबापांनी तोंडाला कुलूप लावायचं, असा आमच्याकडे दंडक आहे. फोन मुलाने करायचा, प्रश्नही मुलानेच विचारायचे. आई मध्ये बोलली की कोच त्या मुलाच्या नावावर काट मारतात, असं सगळेच सांगत. रॉइसच्या सामन्यांना लॉर्ना उन्हाळाभर जाळीमागे घडीच्या खुर्चीवर ओठ आवळून बसली. एवढा संयम तिने जन्मात दुसऱ्या कशासाठी पाळला नव्हता.

जुलैतल्या एका सामन्यानंतर राज्याच्या मोठ्या विद्यापीठाचा कोच रॉइसच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाला, की डावा हात झकास आहे तुझा, आम्हाला आवडलास, कळवत राहा. एवढंच. पण आम्ही नेब्रास्काची माणसं. कुणाला तोंडावर नाही म्हणणं आम्हाला जमत नाही, आणि कुणी गोड बोललं की तो होकार समजण्याची चूकही आम्हीच करतो. वर 'मला घेणार की नाही' असं सरळ विचारणं म्हणजे उद्धटपणा. तेव्हा कुणी काही विचारलं नाही. लॉर्नाने मात्र पुढच्याच आठवड्यात दुकानात सांगून टाकलं, की रॉइसचं विद्यापीठात जवळजवळ ठरलंच. बाजारात तुरी, तसला प्रकार. त्यातलं 'जवळजवळ' दोन दिवसांत गळून पडलं आणि ऑगस्टपर्यंत अख्ख्या गावाने पोराला विद्यापीठाच्या लाल रंगात बघायला सुरुवात केली.

सप्टेंबरात मिनेसोटातल्या एका लहानशा कॉलेजचा कोच, ब्रँडव्होल्ड, फोन करू लागला. हा माणूस आडवळणाने बोलतच नसे. मला तू हवा आहेस, म्हणाला. नोव्हेंबर उजाडायच्या आत लवकरचा अर्ज भर. असा अर्ज एकाच कॉलेजकडे करता येतो, आणि प्रवेश मिळाला की यावंच लागतं, मग मागे फिरणं नाही. प्रवेश कचेरीत कोचला ठरावीक मुलांसाठीच शब्द टाकता येतो, माझ्याकडे एकच नाव शिल्लक आहे, बुधवारपर्यंत सांग.

बुधवार आला आणि रॉइसने त्याच्याकडे आणखी थोडा वेळ मागितला. लॉर्नाचा नवरा व्हर्न मक्याच्या कापणीत बुडालेला होता. जेवायला घरी आला तेव्हा तो म्हणाला, की हातचं सोडून पळत्याच्या मागे लागू नये, पोराला विद्यापीठात सरळ विचारू दे. लॉर्ना म्हणाली, असं विचारलं तर वाईट दिसतं.

गुरुवारी दुपारी रॉइस गाडीची किल्ली घ्यायला दुकानात आला. खुर्चीत कुचेराबाई बसल्या होत्या, अर्ध्या केसांना रंग लावून झालेला. त्यांनी पिशवीतून स्वतः विणलेलं लालभडक पांघरूण काढलं आणि विद्यापीठाच्या वसतिगृहात थंडी फार असते म्हणून त्याच्या हातात ठेवलं. बाकीच्या बायकांनी टाळ्या वाजवल्या. रॉइस नीट, अदबीने आभार मानून मागच्या दाराने बाहेर पडला. लॉर्नाने त्याचा चेहरा पाहिला. कुचेराबाईंना तशाच रंगवलेल्या सोडून ती त्याच्यामागे धावली.

तो गाडीत बसला होता, पांघरूण मांडीवर.

"काय झालंय तुला?" तिने विचारलं.

"मला तिथे जायचंच नाहीये, आई. कधीच नव्हतं. ब्रँडव्होल्ड आला होता त्या दिवशी माझ्या चेंडूंवर सात रन ठोकले होते. बाकीचे कोच उठून गेले. तो थांबला, आणि ज्या पोराने ठोकले त्याला पुढच्या वेळी चेंडू कुठे टाकशील म्हणून विचारत बसला. मला त्याच्याकडे शिकायचंय."

"अरे, मग काल त्याला हो का नाही म्हणालास?"

रॉइसने मांडीवरच्या पांघरुणाची घडी घातली. "तू सगळ्यांना सांगून बसलीयेस ना," तो म्हणाला. "तुला दुकानात रोज बसायचं असतं."

लॉर्नाला शरम वाटली. आणि तरी, सवयच ती, तिच्या तोंडून निघालंच, "मग आपण सांगू, तूच त्यांना नकार दिलास म्हणून."

"बघ, पुन्हा तेच. त्यांनी मला घेतलंय तरी कुठे?" रॉइस म्हणाला. त्याला हसू आलं, पण ते हसू तिला टोचलं. त्याने तिथेच, तिच्यासमोर, विद्यापीठाच्या कोचला फोन लावला आणि सरळ विचारलं, की माझ्यासाठी जागा आहे का. कोच भला माणूस होता. त्याला खरोखर वाईट वाटलं. तुझ्या वर्षाच्या जागा वसंतातच भरल्या रे, म्हणाला, मला वाटलं तुला ठाऊक आहे. तू विचारलं असतंस तर त्याच दिवशी सांगितलं असतं.

मग त्याने ब्रँडव्होल्डला फोन लावला. त्याची शेवटची शिफारस सकाळीच आयोवाच्या एका मुलाला गेली होती. ब्रँडव्होल्ड म्हणाला, मी आता शब्द टाकू शकत नाही. पण तुझ्या मार्कांवर प्रवेश मिळवलास तर माझ्या संघात जागा आहे. अर्ज भरलास तर बांधला जाशील, आणि मिळेलच असं नाही. विचार कर.

"केला," रॉइस म्हणाला.

त्या रात्री जेवणाच्या टेबलावर त्याने अर्ज भरला. पालकाची सही लागत होती. लॉर्नाने सही केली, आणि माझ्यामुळे तुझी हक्काची जागा गेली, असं त्याला स्पष्ट म्हणाली. "थोडी माझ्यामुळेही," तो म्हणाला. "मला बोलता आलं असतं."

दुसऱ्या दिवसापासून दुकानात जो विचारेल त्याला ती एकच उत्तर देऊ लागली. विद्यापीठाने त्याला घेतलेलं नाही, मी आधीच बोलून बसले होते, दुसरीकडे अर्ज केलाय, अजून ठरलेलं नाही. अर्ज कुठे केलाय ते मात्र कुणालाही सांगितलं नाही. कुचेराबाईंनी नाना परींनी उकरून पाहिलं. अख्खा नोव्हेंबर गेला, थँक्सगिव्हिंगच्या सणाची टर्की संपली, पण लॉर्नाच्या तोंडून कॉलेजचं नाव निघालं नाही. गावाला वाटलं, बाई आजारी आहे.

डिसेंबरच्या मध्यावर, बर्फ पडत असताना, रॉइस भर दुपारी दुकानात आला. खुर्च्या सगळ्या भरलेल्या होत्या. बायकांनी त्याच्याकडे माना वळवल्या. लॉर्नाने त्याच्याकडे पाहिलं आणि पुन्हा समोरच्या केसांकडे वळली. तिने काही विचारलं नाही.

तो तिच्याजवळ गेला, कानाशी वाकला आणि हळूच म्हणाला, "मिळालं." मग सरळ उभा राहिला आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला, "आता सांग, आई. सगळ्यांना सांग."

लॉर्नाने तोंड उघडलं. पण इतकी वर्षं उभ्या गावाला बातम्या पुरवणाऱ्या त्या बाईच्या गळ्यातून शब्द फुटेना. तिने कात्री खाली ठेवली, मुलाच्या ओल्या कोटात तोंड खुपसलं आणि रडत राहिली. शेवटी कुचेराबाईंनाच उठून रॉइसला विचारावं लागलं, की बाबा, झालंय तरी काय.