ल्यूडेके सरांच्या खिडक्या

नगरपालिकेचा निरोप स्पष्ट होता: नाताळाच्या आत गॅसचा वापर पाचव्या हिश्श्याने उतरला नाही, तर वाचनकक्ष हिवाळाभर बंद. वाचनालयाची शिपाई, मिस्त्री आणि सफाईवाली सगळं मिळून एकटी वीब्के हार्मसेन. तिने जिन्यातले रेडिएटर बंद केले, दारांच्या फटींत चिंध्या कोंबल्या. तरी मीटर आपला उधळलेला.

बुधवारी कारण सापडलं. दर तासाच्या ठोक्याला रोज येऊन बसणारे ल्यूडेके सर उठायचे आणि कक्षाच्या दोन्ही खिडक्या सताड उघडायचे. पाच मिनिटं, घड्याळ लावून. शेजारच्याच भिंतीवर तापमान मोजणारी डबी. ती गारठली की खाली तळघरात बॉयलर जीव तोडून पेटे.

"सर, खिडक्या उघडू नका."

सरांनी चष्म्यावरून पाहिलं. चाळीस वर्षं भूगोल शिकवलेला माणूस. "हार्मसेनबाई, तुम्ही जर्मनच ना? तासातासाला हवा बदलणं आपल्या रक्तातच असतं."

"जर्मनच. पण मीटर बघायला तळघर चढून-उतरून काय होतं, ते माझ्या गुडघ्यांना विचारा."

"थंडीत माणूस नुसता कुडकुडतो. कोंदट हवेत मरतो."

कोपऱ्यातल्या विणकामवाल्या बाईंनीही मान डोलावली.

"आणि कक्षच बंद झाला तर? घरी बसाल?"

घरी सर एकच खोली तापवत, तीही संध्याकाळपुरती. सगळ्या गावाला ठाऊक होतं.

"मग ती डबी हलवा की," सर म्हणाले.

"डबी खिडकीपाशी नको, असा अर्ज सप्टेंबरातच केलाय. पाहणीला एप्रिलात येणार. मी हात लावला तर नोकरीच जाईल."

शेवटी तह झाला. आधी तिने तळघरात जाऊन बॉयलर थांबवायचा, मग वर येऊन मान हलवायची, मगच खिडक्या. त्या लागल्या की बॉयलर सुरू करायला पुन्हा खाली. दिवसातून आठ वेळा.

नाताळाला चार दिवस असताना नगरपालिकेचा फोन आला. आकडा बसला होता; कक्ष उघडा राहणार होता.

"कमाल केलीत, बाई! आता थंडी सरेपर्यंत असंच चालू द्या."

"देते," म्हणून ती खालच्या जिन्याच्या पायरीवरच बसली. वर जाऊन सांगायला हवं होतं, पण पाय उचलेनात. तेवढ्यात कठड्यावरून सरांचं डोकं डोकावलं.

"अकरा वाजून दोन मिनिटं झाली, हार्मसेनबाई!"

"कोंदट हवेत मरा, मेल्यांनो," ती पुटपुटली आणि भिंतीला धरून तळघराच्या पायऱ्या उतरू लागली.