रंग उडालेली गिटार

ऑरव्हिल टॅकेटची भरीव लाकडाची इलेक्ट्रिक गिटार ओक्लाहोमातल्या कितीतरी नाचघरांतून आणि चर्चमधून वाजली होती. कोपर टेकून टेकून तिचा लाल रंग उडाला होता, तारांखालच्या पट्ट्या झिजल्या होत्या. ऑरव्हिलला अर्धांगाचा झटका आला, तेव्हा त्याची मुलगी नोरीन ती टल्सातल्या गस प्रूइट या जुन्या कारागिराकडे घेऊन गेली. "नव्यासारखी करा," ती म्हणाली. डॅडी घरी येतील तेव्हा खूश होतील, एवढंच तिच्या मनात होतं.

इस्पितळात व्यायाम घेणारी बाई त्याच्या डाव्या हातात रबरी चेंडू द्यायची. बोटं ढिम्म हलत नसत. एका दुपारी तो अडखळत नोरीनला म्हणाला, "चेंडू राहू दे. माझी गिटार आण. तिच्या दांड्याला माझ्या अंगठ्याचा खळगा पडलाय. अंगठा तिथे बसला की बाकीच्या बोटांना आठवेल."

गिटार तर गसकडे होती; रंगाबरोबर त्याने तो खळगाही घासून टाकला असेल तर? "आणते," एवढंच बोलून ती बाहेर आली. गसला फोन लावला, तो नुसताच वाजत राहिला. मग तिने गाडी काढली. प्रत्येक लाल दिव्यापाशी पुन्हा फोन लावत होती. पोचली तर आत घासायचं मशीन चालू होतं आणि टेबलावर गिटारचं धड पडलं होतं, सोललेलं, पांढरंफटक.

"गस, दांड्याला हात लावलात?"

गसने मशीन बंद केलं. "काय म्हणालीस, पोरी?"

"दांडा. घासलात का?"

"तो उद्या घेणार होतो. तो बघ, टांगलाय."

तिने तो काढून मागून अंगठा फिरवला. खळगा सापडला, तशी ती तिथल्या स्टुलावर बसलीच.

"रंगाचं काय? तूच म्हणालीस, नव्यासारखी करा," गस म्हणाला.

"हो, मीच म्हणाले. आता आहे तशीच जोडून द्या."

संध्याकाळी तिने ती ऑरव्हिलच्या मांडीवर ठेवली. त्याने तिच्या पांढऱ्या, बिनरंगाच्या लाकडावरून उजवा हात फिरवला.

"ही कुणाची?"

"तुमचीच, डॅडी. मी रंगवायला दिली होती. चुकलं माझं."

त्याने डोळे मिटले. नोरीनने त्याचा डावा हात उचलून दांड्यावर ठेवला. अंगठा खळग्यात बसला. खूप वेळ काहीच झालं नाही. मग मधलं बोट थरथरलं आणि तारेवर टेकलं. उजव्या हाताने त्याने ती छेडली.

"उतरलीये," तो म्हणाला. "वर घे."

नोरीनला सुरातलं काही कळत नव्हतं. तो सांगेल तशी ती खुंटी पिळत राहिली.