घरचा खटला

प्लंबरच्या घरातलं कुणी कधी कोर्टाची पायरी चढलं नव्हतं. अशाच घरांतल्या कायदा शिकणाऱ्या मुलांसाठी कोर्टाने उन्हाळ्यात इंटर्नशिप ठेवली होती आणि त्याच्या लेकीची तिथे निवड झाली होती. उद्यापासून न्यायाधीशांना खटले थोडक्यात सांगायचे होते. पण उभी राहिली की तिच्या तोंडातून आवाजच फुटेना.

"मी जातच नाही," ती म्हणाली.

"हा बघ, मी न्यायाधीश." प्लंबर ऐटीत खुर्चीत बसला. बायकोसमोर असं बसायची त्याची कधी टाप नव्हती. "सांग एखादा खटला."

ती पुटपुटली, "आई विरुद्ध बाबा. बाबा गावभर नळ दुरुस्त करत फिरले. घरचा नळ मात्र आई असेपर्यंत गळतच राहिला."

आईला जाऊन वर्षही झालं नव्हतं. न्यायाधीशांनी घसा खाकरला. "आरोपी बिचारा कामात होता. निर्दोष!"

"असं कसं?" लेक कडाडली. "आईची बाजू कोण ऐकणार? आणि स्वतःच्याच खटल्यात न्यायाधीश होता येत नाही. उठा आधी!"

काय झालं म्हणून शेजारीण दारात आली.

"काही नाही, वहिनी," प्लंबर उठत म्हणाला. "मी हरलो. ही उद्या कोर्टात जातेय."