आबांच्या पायाखालचं पाणी

मित्रांनो, पाण्याला वाट दाखवणं हे या जगातलं थोर काम आहे. नद्यांसाठी ते डोंगरांनी केलं, उसासाठी कालव्यांनी केलं आणि बेलापूरच्या कल्याणरावांच्या गाडीत ते मी करते. एसीचं पाणी गाडीखाली सोडणारी मी एक रबरी नळी. वय अकरा. लांबी वीतभर.

नागापूरच्या एका शेडमध्ये माझा जन्म झाला. माझ्यासारख्या तीनशे जणी एकाच पोत्यात होत्या. त्यातून मी गाडीत आले आणि दहा वर्षं इमानाने थेंब सोडले. गारव्याचं कौतुक मात्र एसीचं झालं. तक्रार नाही, सांगून ठेवते.

मग गेल्या फाल्गुनात एका कुंभारीण माशीने माझ्या खालच्या तोंडात मातीचं घरटं बांधलं. दहा वर्षांत मला भेटायला आलेली ती पहिलीच. मला बरं वाटलं. मी गप्प बसले. तिथेच माझं चुकलं.

वाट बुजली, तसं पाणी मागे फिरलं आणि पुढच्या डाव्या सीटच्या पायाशी उतरू लागलं. ती जागा आबासाहेबांची. आबासाहेब म्हणजे कल्याणरावांचे वडील, वय ब्याऐंशी. एसीही त्यांच्यासाठीच लावत. एरवी काचा उघड्या ठेवून डिझेल वाचवत. साखरेच्या आजाराने आबांच्या पायांना गार-गरम कळत नसे. श्रीरामपूरच्या दवाखान्यातून परतल्यावर ते उतरले आणि सूनबाई राजेश्वरीला पायाखालची ओली मॅट दिसली. तिने नवऱ्याकडे पाहिलं. नवऱ्याने आभाळाकडे पाहिलं. निकाल लागला: वयामुळे आबांना आता आवरत नाही.

गाडी गॅरेजला नेली असती, तर मिस्त्रीने मला पाच मिनिटांत पकडलं असतं. पण मिस्त्रीला सांगायचं काय? आबांचा गावात मान मोठा. त्या मानापायी कोणी विचारलं नाही, कोणी वाकून वास घेतला नाही. सीट तर कोरडी ठणठणीत होती, तेही कोणी पाहिलं नाही. मॅट मात्र चार वेळा धुतली.

पाचव्या वेळी राजेश्वरीने सीटवर मल्चिंग पेपर अंथरला, टरबुजाच्या वाफ्यावर घालतात तो प्लास्टिकचा.

"सीट लई तापती, आबा," ती म्हणाली.

आबांनी कागद पाहिला. दुसऱ्या दिवसापासून त्यांनी चहा सोडला. मग निघण्याआधीचं पाणी सोडलं. शेवटी गाडीच सोडली. आपल्याकडूनच होतंय, असं त्यांनाही वाटू लागलं होतं. आणि खरी गुन्हेगार त्यांच्या पायाखाली लोंबकळत होती.

वैशाखात नात धनश्रीचा साखरपुडा नेवाशाला ठरला. निघायच्या दिवशी आबा ओसरीवरच्या खुर्चीतून हलेनात.

"गुडघा धरलाय गं."

"आबा, तुमी न्हाई आले तर मी पाटावर बसनार न्हाई," धनश्री म्हणाली. तिचे डोळे भरले होते. आबांचा गुडघा एकदम ठीक होता. हे मला माहीत होतं आणि मला सांगता येत नव्हतं.

आबांच्या जागेवर राजेश्वरीचे थोरले भाऊ हनुमंतराव बसले. पांढरा इस्त्रीचा पायजमा. बायकांचं आवरेना, म्हणून ते पाऊण तास एसी लावून गाडीतच डुलकी घेत होते. हाक आल्यावर दचकून उतरले, तर दोन्ही पाय घोट्यापर्यंत ओले.

"दादा, तूपन?" राजेश्वरीच्या तोंडून निसटलं.

एवढ्या दिवसांत पहिल्यांदाच ती गोष्ट कोणीतरी मोठ्याने बोललं होतं. मग ओसरीवरून आबांचा आवाज आला.

"हनुमंतराव, वय काय हो तुमचं?"

"बावन्न."

"मग लवकरच म्हनायचं."

"अहो, गार हाय पानी!" हनुमंतराव ओरडले. "बर्फावानी! गाडीतनं येतंय. दाजी, बघा की जरा!"

कल्याणराव नव्या कपड्यांत गाडीखाली शिरले. "एसी चालू हाय अन् खाली टिपूस न्हाई!" त्यांनी सायकलची तार माझ्यात घातली. आधी घरटं पडलं, मागोमाग तांब्याभर पाणी त्यांच्या तोंडावर. त्यांनी ते पुसलंही नाही. तसेच पडून राहिले. बाहेर आलं की वडिलांकडे बघावं लागणार होतं.

माफी कोणी मागितली नाही. आमच्या घरात ती मागत नाहीत. राजेश्वरीने सीटवरचा कागद ओढून काढला आणि खाली मान घालून चहा आणला. आबांनी तो पिऊन कप पुन्हा पुढे केला.

"अजून एक दे. नेवासा लांब हाय."

मग ते धनश्रीचा हात धरून आपल्या जागेवर येऊन बसले. सगळे सुटले, मित्रांनो. मी सुटले नाही. एका म्हाताऱ्या माणसाचे कितीतरी चहा माझ्या नावावर आहेत.

म्हणून सांगते. एसी लावून गाडी उभी केली की खाली वाकून बघा. थेंब पडत असतील तर खुशाल निघा. पडत नसतील तर घरातल्या माणसाकडे पाहण्याआधी माझ्याकडे पाहा.

आणि तार जरा हळू घाला. गुदगुल्या होतात.