लोटून घेतलेलं दार

आई गेली आणि थोरलीच्या हातांना कामच उरलं नाही. नऊ वर्षं ते हात औषधं देण्यात, कूस बदलून देण्यात, चादरी पिळण्यात गुंतलेले. त्यापायी तिने रुग्णालयाच्या नोंदणी विभागातली नोकरी मुदतीआधीच सोडली होती आणि लग्नाचा विषय तर त्याच्याही आधी बारगळला होता. आता सकाळी सहाला जाग यायची आणि उठून करायचं काय, हेच कळायचं नाही.

"काहीतरी छंद लावून घ्या," डॉक्टरीणबाई रक्तदाब तपासता तपासता म्हणाल्या. जणू छंद औषधाच्या दुकानात पाकिटाने मिळतो.

तरी तिने मनावर घेतलं. आधी विणकाम केलं. स्वेटरची एक बाही दुसरीपेक्षा वीतभर लांब झाली. मग मातीकाम, तिची फुलदाणी बघून शेजारी बसणारे आजोबा म्हणाले, "वा, उशी छान जमलीय." तिसऱ्या खेपेला ती वाचनालयाच्या माडीवरच्या सुलेखनाच्या वर्गात जाऊन बसली आणि तिथे मात्र तिचा जीव रमला.

शिकवणारे सर एका छापखान्यातून निवृत्त झालेले. पहिल्याच दिवशी त्यांनी बजावलं, "दोन महिने अक्षराला हात लावायचा नाही. नुसत्या रेघा." तिरप्या टोकाचा बोरू, त्याचा ठरलेला कोन, उभी रेघ, आडवी रेघ. निम्मे लोक कंटाळून गळाले. थोरली टिकली. रोज सकाळी जेवणाच्या टेबलावर कागद पसरायचा आणि श्वास रोखून रेघ ओढायची. पाच महिन्यांत सर तिला एकदाच काही चांगलं बोलले, "चिकाटी आहे तुमच्यात." तेवढ्यावर ती आठवडाभर खूश होती.

अशात धाकटी आली. तिला घरात चिऊ म्हणत. दूरच्या शहरात मोठ्या हुद्द्यावर होती. आईच्या आजारपणात ती दोनदा येऊन गेली होती, तिसऱ्यांदा आली ती आई गेल्यावरच. आता कामाचा शीण घालवायला दीड महिन्याची रजा काढली होती.

"मीही येते गं तुझ्या वर्गाला. घरात एकटी बसून काय करू?"

थोरलीला नाही म्हणवेना. चिऊने बोरू धरला, सरांनी एकदा तिचं मनगट वळवून दिलं आणि रेघ अशी सुटली की सर चष्मा वर करून बघतच राहिले. तिसऱ्या दिवशी ती अक्षरांवर आली.

"हात आहे हो तुमच्याकडे!" सर म्हणाले. ते सगळ्या वर्गाला ऐकू गेलं.

एका दुपारी चहा घेताना चिऊने विचारलं, "ताई, आई शेवटी शेवटी काय बोलायची गं?"

हे आजवर कुणी विचारलंच नव्हतं. थोरलीने कप खाली ठेवला. मग म्हणाली, "शेवटच्या वर्षी सगळंच विसरली. माझं नावसुद्धा. पण मी खोलीबाहेर निघाले की म्हणायची, 'दार नुसतं लोटून घे. कडी लावू नकोस.' तेवढं एक वाक्य राहिलं होतं तिच्यापाशी."

चिऊचे डोळे भरून आले. थोरलीला वाटलं, बरं झालं सांगितलं. सांगितलं नाही ते एवढंच, की वर्गाच्या प्रदर्शनासाठी ती हेच वाक्य लिहीत होती. चौदा कागद फुकट गेले होते. 'लोटून'मधला 'ल' काही केल्या बसत नव्हता.

प्रदर्शन वाचनालयाच्या तळमजल्यावर होतं. आदल्या दिवशी थोरली आपला पंधरावा कागद घेऊन गेली, तर भिंतीवर मधोमध चिऊची चौकट लागलेली. दार नुसतं लोटून घे. 'दार'वरची शिरोरेघ तिने मध्येच सोडली होती, किलकिल्या दारासारखी. अप्रतिम होतं. थोरलीला ते कळण्याइतकं अक्षर आता कळत होतं, हेच वाईट. तिने आपला कागद पिशवीतच ठेवला आणि सरांना सरावाची मुळाक्षरं काढून दिली.

दुसऱ्या दिवशी लोक त्या चौकटीसमोरून हलेनात. एका बाईने चिऊचे दोन्ही हात धरले. "आईचं फार केलं असेल हो तुम्ही. त्याशिवाय असं उतरत नाही."

चिऊने एकवार थोरलीकडे पाहिलं आणि म्हणाली, "आईच ती. करायचंच."

घरी आल्यावर थोरलीने चपलाही काढल्या नाहीत.

"कधी म्हणाली ती तुला, दार लोटून घे? कुठल्या दिवशी?"

"ताई, ती माझीही आई होती."

"होती ना! मग नऊ वर्षं कुठे होतीस?"

"दर वेळी मी येते म्हटलं की तू काय म्हणायचीस? 'नको येऊस, माझं जमतंय.' तूच मला तिच्यापर्यंत पोचू दिलं नाहीस. तुला एकटीलाच ती हवी होती."

थोरलीने आता कुठे चपला काढल्या. ती तसं म्हणायची, हे खरं होतं. पण नको म्हटलं तरी यायचं असतं, हे कुठल्या तोंडाने सांगणार?

चिऊ रजा संपायच्या आठ दिवस आधीच गेली. जाताना चौकट नेली, बोरू टेबलावरच राहिला. पुढे महिनाभरात तिने फोटो पाठवला, ती आता काचेवर रंगकाम शिकत होती. थोरलीने वर्ग सोडला. एक-दोनदा कागद पसरला, पण रेघ ओढताना आईऐवजी चिऊचीच अक्षरं डोळ्यांसमोर यायची.

मग एके सकाळी सरांचा फोन आला. थोरलीला वाटलं, का येत नाही म्हणून विचारत असतील. ती सावरून बसली.

"ताई, तुमच्या बहिणीचा नंबर हवा होता. मोठं प्रदर्शन आहे, त्यांचं काम असायलाच हवं."

"लिहून घ्या," थोरली म्हणाली. तिने सावकाश, एकेक आकडा सुटा करून नंबर सांगितला आणि शेवटचे दोन आकडे उलटे सांगितले. सरांनी तो वाचून दाखवला.

"बरोबर?"

"बरोबर," ती म्हणाली. फोन ठेवल्यावर मनाला जरा थंडावा मिळेल असं तिला वाटलं होतं. तसं काही झालं नाही.